क्विम्बीच्या चित्रातली आई

चित्रकार ल्यूथर क्विम्बीने व्हरमाँटमधल्या एका गावात सगळं आयुष्य काढलं, आणि चित्रांसाठी समोर बसवायला बाहेरून माणूस कधी आणला नाही. वाण्याला आजोबा केलं, पोस्टमनला न्हावी केलं, पोरांना भलत्याच आईबापांच्या मांडीवर बसवलं. मासिकांनी ती चित्रं देशभर पोचवली, आणि मोठ्या कागदावर छापून खाली सही केलेल्या थोड्या प्रती गावातच राहिल्या. आजही तिथे कुणाच्या घरी जा, ‘हा डावीकडचा आमचा काका’ हे ऐकल्याशिवाय सुटका नाही.

ॲल्डन व्हिटकॉम्बपाशी सांगायला आई होती. तो तीन वर्षांचा असताना ती, हेस्टर, वारली. त्याच हिवाळ्यात घर जळालं आणि तिचा एकही फोटो उरला नाही. बापाने पुन्हा तिचं नाव काढलं नाही. उरली ती क्विम्बीच्या चित्रांत. ॲल्डनने जन्मभर गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवली, एकट्याने, आणि हाती उरेल ते जुन्या सामानाच्या लिलावांत घातलं. आई पाठमोरी असलेलं चर्चचं चित्र मिळालं, टोपीच्या सावलीत उभी असलेलं जत्रेचंही मिळालं. समोरून चेहरा मात्र एकाच चित्रात होता. त्यात ती चुलीपाशी उभी आहे आणि टेबलाभोवती शेजाऱ्यांची पोरं आहेत.

ती प्रत मावशीने त्याला शाळेत असतानाच दिली होती. तेव्हापासून ती त्याच्या स्वयंपाकघरात, पूर्वेच्या खिडकीसमोर होती. उन्हात आई बरी दिसते, असं त्याचं म्हणणं. फिकट, मिटल्या ओठांची, जराशी उदास बाई. आपण हिच्यावर गेलो, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. म्हणून कुणी ‘बोल की रे चार शब्द’ म्हणालं तरी त्याला लागत नसे, आणि लग्नाचं राहून गेलं त्याचंही फारसं वाटलं नाही. गप्प राहणं हे आईकडून आलेलं होतं, आणि तिचं म्हणून त्याच्याजवळ तेवढंच होतं.

दर जुलैत चर्चच्या तळघरात चित्रांच्या किमती सांगायला बॉस्टनहून मिसेस लोरिंग येत. ॲल्डन दरवर्षी एक चित्र नेई. विकायचं कधीच नसे. कुणीतरी भिंग लावून आपल्या आईकडे नीट बघावं, एवढ्यासाठी हा गडी रांगेत उभा राही. यंदा गुडघे फारच बोलायला लागले होते, पुढच्या वर्षीचा भरवसा नव्हता. म्हणून त्याने स्वयंपाकघरातलं चित्र उतरवलं. सगळ्यांत मोलाचं हेच, असं त्याला एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

मिसेस लोरिंगनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

“मिस्टर व्हिटकॉम्ब, हे उन्हात होतं का हो?”

“सकाळचं ऊन. कोवळं.”

“कोवळं काय नि कडक काय! लाल आधी उडतो, मग पिवळा. मागे राहतो तो निळा. कडेचा समास शाबूत आहे, पेन्सिलची सही आहे, पण चित्रच उरलं नाही. चौकटीचे काय येतील ते येतील.”

“चित्र आहे की. ही माझी आई.”

त्या बिचाऱ्या ओशाळल्या. आपल्या गठ्ठ्यातून त्यांनी तेच चित्र काढलं. ते सारी वर्षं कपाटाच्या खणात राहिलेलं होतं. “बघा, छापलं तेव्हा असं होतं.”

तिचे गाल लालभडक होते, केस तांबडे. आणि तोंड उघडं टाकून, सगळे दात दाखवत ती हसत होती. त्याच्या प्रतीत ओठांचा रंग उडून तिथे नुसती बारीक रेघ राहिली होती, आणि तो इतका सावकाश उडाला की रोज बघूनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“ही ती नाही,” ॲल्डन म्हणाला. “दुसरीच कुणीतरी आहे.”

शेजारच्या टेबलावर डोनट विकत बसलेल्या म्युरिएल डॉजने मान वर केली. चित्रात टेबलाशी बसलेल्या पोरांतली एक म्हणजे हीच. आता नव्वदीला टेकली होती, पण जीभ तशीच फटकळ.

“आण इकडे. अगं बाई, हेस्टर! हीच रे ती! काय हसायची! क्विम्बी ओरडायचा, हलू नका म्हणून, आणि ही आम्हाला मागून पळीने टोचायची. रस्त्याच्या टोकाला ऐकू जायची. तुझा बाप म्हणायचा, बायको नाही, बँड आणलाय घरात.”

“ती... शांत नव्हती?”

“हेस्टर आणि शांत? झोपेत असली तर! तू कुणावर गेलास देव जाणे.”

रांगेतले लोक हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, तरी हसले. ॲल्डनने हसून पाहिलं, जमलं नाही. जन्मभर जिच्या सोबतीने तो गप्प बसला, ती बाई उन्हाने केलेली होती. त्याला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, बापाला पुरून आला त्या दिवशीसुद्धा नाही.

मिसेस लोरिंगनी त्या दुसऱ्या प्रतीची सांगितली ती किंमत त्याने घासाघीस न करता दिली.

नवं चित्र त्याने ऊन न पोचणाऱ्या भिंतीवर लावलं. संध्याकाळी डब्यातले बीन्स गरम केले आणि ताट घेऊन समोर बसला. ती बाई हसतच होती, जसं काही यानेच काहीतरी गमतीचं सांगितलं असावं. शेवटी त्याने काटा खाली ठेवला.

“मी ॲल्डन,” तो तिला मोठ्याने म्हणाला. “तुझा मुलगा.”