आधीचं कोणतं, ते शोधणारे श्रीधरपंत

श्रीधरपंत बोकिलांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली, आणि भांडण सर्वस्वी माझं होतं. राज्य पुनर्रचनेत आम्हा नागपूरच्या कारकुनांना भोपाळला आणलं. माणसं पोचली, माझं सेवापुस्तक मात्र वाटेत कुठे गडप झालं, ते कुणाला सांगता येईना. इथे नवं पुस्तक उघडलं आणि त्यात माझी नोकरी भोपाळला हजर झाल्या दिवसापासून धरली. नागपूरची सात वर्षं गेली पाण्यात! माझ्या मागून लागलेले लोक ज्येष्ठता यादीत माझ्या वर. मी तडक आस्थापना शाखेत जाऊन टेबलावर हात आपटला. टेबलामागे ग्वाल्हेरहून आलेले श्रीधरपंत बसले होते. त्यांनी शांतपणे चहा मागवला, माझे कागद ठेवून घेतले आणि रविवारी सकाळी घरी यायला सांगितलं.

टी. टी. नगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी मोठ्या आशेने गेलो, तर गृहस्थ एका अमेरिकन गाण्याबद्दल बोलू लागले. आता काय म्हणावं! भोपाळच्याच पिपळानी भागातल्या कारखान्यातला एक इंग्रज इंजिनियर मायदेशी जाताना त्यांना काही रेकॉर्डी देऊन गेला होता. त्यातलं हे ‘ब्लूज’, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीय लोकांचं दुखऱ्या मनाचं गाणं, विजेच्या गिटारवर म्हटलेलं. त्या गिटारचा आवाज इतका फाटका, की श्रीधरपंतांनी आपलं यंत्र दोनदा चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. “साहब, स्पीकर फट गया है,” म्हणत त्याने नवा बसवूनही दिला. आवाज तसाच. पुढे कळलं, की फाटका स्पीकर तिकडे, रेकॉर्डिंगच्या खोलीतच होता, आणि त्या मंडळींना तोच आवडला होता. स्वतःची ही फजिती ते आजही पोट धरून हसत सांगतात.

मग त्याच गायकाची त्याच गाण्याची दुसरी रेकॉर्ड मिळाली, ती अगदी स्वच्छ. आधी कोणतं गायलं असेल? मी ठोकून दिलं, की फाटकं आधीचं, ते मागाहून सुधारलं असणार. बाजारातही तेच आधी आलं होतं. श्रीधरपंतांनी भिंग काढलं. रेकॉर्डच्या मध्याशी, खाचा संपतात तिथे, रेकॉर्डिंगच्या क्रमाने दिलेला एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. स्वच्छ गाण्याचा क्रमांक लहान निघाला. म्हणजे ते आधी गायलं, पसंत पडलं नाही म्हणून बाजूला ठेवलं, आणि फाटकं गाजल्यावर बाहेर काढलं. पुढे विलायती रेडिओवर त्याच गाण्याच्या मैफिली ऐकून त्यांनी एक वही भरली. कुठल्या खेपेला शेवटचं कडवं गाळलं, कुठे नवं घातलं, विलायतेतल्या पोरांनी लय कशी दुप्पट दामटली, सगळं त्यात आहे. याचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं. “उपयोग कशाला हवा? कळलं की बरं वाटतं,” ते म्हणाले.

तेच भिंग त्यांनी माझ्या बदलीच्या आदेशावर धरलं. पाठीमागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला एक पुसट आकडा होता. माझ्या तो कधी नजरेसही पडला नव्हता. तो नागपूरचा जावक क्रमांक निघाला. त्यावरून श्रीधरपंतांनी नागपूरला लिहिलं, नागपूरने मुंबईकडे बोट दाखवलं. विदर्भाच्या कागदांबरोबर आमचा एक गठ्ठा चुकून तिकडे गेला होता. पत्रांमागून पत्रं गेली, आणि दीड वर्षाने माझं सेवापुस्तक माझ्यासमोर आलं. पहिल्या पानावरची माझी सही बघून मला रडू फुटलं, हे सांगायला लाज कसली?

सुधारित यादी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी धावलो. सुमतीवहिनींनी पेढा घेतला आणि सहज बोलाव्यात तशा बोलल्या, “भाऊजी, अधीक्षकाची जागा एकच आहे ना? आधीच्या यादीप्रमाणे ती यांना मिळायची होती.”

यादी करणारे तेच होते. माझी सात वर्षं सापडली तर आपण खाली जाणार, हे त्यांना पहिल्या दिवशी चहा मागवतानाच ठाऊक होतं. मग शोधलंत कशाला, असं मी जवळजवळ रागानेच विचारलं.

“तारीख तुमचीच होती,” श्रीधरपंत म्हणाले. “मी फक्त वाचली.”

दुसऱ्या दिवसापासून ते मला ‘साहेब’ म्हणू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हातापाया पडलो, पण निवृत्तीपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. कुत्सितपणाचा मात्र लवलेश नसे. अधीक्षक होणं त्यांच्या नशिबी पुढे चार वर्षांनी आलं.

आता नेहरू नगरात त्यांची पंचाहत्तरी साजरी होते आहे. त्यांचे कान असेच तिखट राहोत, वहीला पानं कमी पडोत, आणि त्यांची शंभरी आम्हा सर्वांना याच गावात बघायला मिळो. समारंभात मी त्यांच्या पाया पडणार आहे. त्यांनी मला अडवू नये, एवढीच विनंती. वयाने मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, हे मला माहीत आहे.