फोडशीच्या दिवसांत बटाटा

ताटात बटाट्याची भाजी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. भर आषाढात, आंबिवलीच्या पलीकडच्या आमच्या गावात, पाहणीच्या जेवणाला बटाटा? तोही बाजारातला?

पाहणी म्हणजे काय ते सांगते. आमचा सेंद्रिय शेती करणाऱ्यांचा गट आहे. सर्टिफिकेटसाठी बाहेरचा साहेब येत नाही. आम्हीच एकमेकांची शेतं फिरून बघायची आणि सगळ्यांनी सही करायची. पद्धत चांगली आहे हो. पण आमची माणसं! आधी पंगतीला बसतात, मग बांधावर जातात. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या शेतात खोट कोण काढणार?

त्या दिवशी पाहणी माझ्या मोठ्या दिरांकडे होती. दर वर्षी या जेवणाला त्यांच्याकडे फोडशीची भाजी असते, पावसात बांधावर आपोआप उगवलेली.

"ताई, फोडशी कुठाय?" मी जाऊबाईंना विचारलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी बटाटा वाढला. मी भरल्या ताटावरून उठले नि थेट बांध गाठला.

बांध पिवळा पडलेला. फोडशी, कुरडू, टाकळा, सगळं करपलेलं. तणनाशक मारलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मागोमाग दीर आले, गटही आला. "मजूर कुठे मिळतात गो? गवत काढणार कोण? एकदाच औषध मारलं."

"औषध? मग पाजा ना नातवंडांना!"

ते जवळ आले, आवाज खाली आणला. "बांध सामाईक आहे. तुझ्या बाजूलाही उडालंय. माझं शेत बाद झालं तर तुझंही होईल. गप सही कर नि जेव."

खरं होतं. माझ्या बाजूचं गवतही जळालं होतं आणि माझं भात त्याला लागूनच. गटातून बाहेर पडले तर डोंबिवलीच्या रविवारच्या बाजारातली माझी गिऱ्हाइकं जाणार, आणि माझं घर त्यांच्यावरच चालतं. गटातली माणसं आभाळाकडे बघत उभी. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. माझ्याच शेतावर विष उडवायचं आणि वर मलाच दम द्यायचा!

"दोन्ही शेतं बाद लिहा," मी म्हटलं. "आधी माझं लिहा."

पुन्हा जेवायला कोणी बसलं नाही.

रविवारी डोंबिवलीत नेहमीच्या काकू आल्या. "फोडशी नाही आणलीस? वाट बघत होते गं."

"नाही काकू. बांधावर विष मारलंय. आणि दिवाळीनंतर माझा नवा तांदूळ येईल ना, तोही सेंद्रिय म्हणून घेऊ नका."

काकूंनी रिकामी पिशवी काखेत मारली आणि बाजूच्या गाडीवर गेल्या. तिथला भाजीवाला सगळ्यालाच सेंद्रिय म्हणत होता.