हिरवा ठिपका

भवानीनगरात आमची घरं शेजारीशेजारी. म्हणून आरिफ मुलाणी नेमकं काय काम करतो, हे मला गल्लीला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागायचं. आम्ही दोघं लोणी देवकरच्या फळांच्या रसाच्या कारखान्यात. मी यंत्रांच्या दुरुस्तीला, तो कॉम्प्युटरवर. दुधाची गाडी जशी वस्तीवस्तीवरून कॅन उचलून डेअरीला नेते, तसा प्रत्येक यंत्राच्या नोंदी गोळा करून पुण्याच्या ऑफिसात पोचवणारा एक प्रोग्राम असतो. त्या नोंदींना लॉग म्हणतात आणि प्रोग्रामला एजंट. त्याला चालू करायचं, थांबवायचं, बरा आहे का विचारायचं, ते सगळं काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करून. माउस नाही, चित्रं नाहीत. आरिफची बोटं इतकी सरसर चालायची की बघताना आपणच दमावं.

साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले. आधी धूसर दिसायला लागलं, मग उजव्या डोळ्याचं संपलं, मग डाव्यात नुसता उजेड राहिला. कारखान्याला त्यानं एवढंच कळवलं की तब्येत बरी नसते, घरून काम करतो. हुकूम पाठ होतेच. पडद्यावर आलेलं उत्तर त्याची बायको शमा वाचायची. तिचं इंग्रजी बेताचं, म्हणून त्यानं तिला खूण शिकवली होती: हिरवा ठिपका म्हणजे एजंट चालू, करडा म्हणजे बंद, लाल म्हणजे बिघाड.

मी त्याला म्हटलं होतं, "आरं, वाचून दाखवणारा कॉम्प्युटर मिळतोय. कारखान्याला सांग, ते बसवून देतील."

"घरात एक बोलणारी हाय. दुसरी कशाला?" तो हसून म्हणाला.

मी हसलो नाही. मला राग आला होता. तो कॉम्प्युटर मागायचा म्हणजे आपल्याला दिसत नाही हे तोंडानं कबूल करायचं, आणि आरिफ सगळं करील पण तेवढं करणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तसंच चाललं होतं. एका दुपारी शीतगृहातलं यंत्र बंद पडलं, आतला आंब्याचा रस तापला आणि सगळा ओतून द्यावा लागला. पाळीवर ते यंत्र सांभाळणारा सिद्धू होता. तो सांगत होता की धोक्याचा भोंगा वाजल्या वाजल्या मी यंत्र चालू करायचं बटण दाबलं, यंत्रच उठलं नाही. बटण दाबलं की लॉगमध्ये त्याची नोंद होते. पुण्याला तशी नोंदच नव्हती, आणि शीतगृहातलं यंत्र स्वतःकडच्या नोंदी रोज पुसून टाकतं. कारखान्याच्या सुयोगसाहेबांनी, आमच्या मॅनेजरांनी, आरिफला फोन करून विचारलं, त्या दुपारी एजंट चालू होता का? आरिफ ठामपणे म्हणाला, "चालूच हुता. मी स्वतः बघितलं." झालं. सिद्धू झोपला होता असं ठरलं आणि त्याला घरी बसवलं.

मी आरिफकडं गेलो. म्हटलं, सिद्धू खोटं बोलणाऱ्यातला न्हाय. शमाभाभींनी चहा आणला. त्यानं लॅपटॉप पुढं ओढला आणि टाईप केलं. मला पडदा दिसत होता. त्यानं एजंट थांबवायचा हुकूम दिला होता. मग विचारपुशीचा हुकूम दिला. पडद्यावर करडा ठिपका आला.

"वाच, शमा."

भाभींनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "हिरवा ठिपका हाय."

आरिफनं मान हलवली. हळूच म्हणाला, "आत्ता मीच बंद केला, शमा."

भाभी खाली बसल्या. आरिफचे वडील, अय्युबचाचा, अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ निरवांगीला वारला. आजारी माणसाला तसली बातमी द्यायची नाही, म्हणून सगळी गल्ली त्यांना सांगत राहिली, भाऊ बरा आहे, येणार आहे. चाचा वाट बघत, शांतपणे गेले. भाभी तेच करत होत्या.

"पयल्यांदा लाल ठिपका सांगितला तवा तुमी जेवला न्हाई," त्या म्हणाल्या. "मागं एकदा बंद पडलेला आपोआप चालू झाला हुता. मला वाटलं, ह्यो बी हुईल. तुमास्नी कशाला सांगायचं?"

"त्या दुपारी कसा हुता?"

"करडा."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एजंट पुन्हा चालू केला, फोन लावायला मला सांगितलं आणि सुयोगसाहेबांना म्हणाला, "साहेब, त्या दुपारी एजंट बंद हुता. मला दिसत न्हाय. बरेच दिस झालं दिसत न्हाय. सिद्धूची चूक न्हाय." बायकोचं नाव त्यानं घेतलं नाही. जे एक वाक्य टाळायला त्यानं एवढा आटापिटा केला, ते तो माझ्यासमोर एका दमात बोलला, आणि मला रडू आलं.

सिद्धू कामावर परतला. आरिफला मात्र कोणी ठेवलं नाही. नव्या माणसानं स्वतःचा एजंट बसवला, आणि लॅपटॉप परत न्यायला कारखान्यानं मलाच पाठवलं.

"जुना एजंट अजून चालू आसंल," आरिफ म्हणाला. "तेवढा मी थांबवतो."

त्यानं हुकूम दिला, बोटं तशीच सरसर चालली. मग विचारपुशीचा दिला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"वाच."

भाभींनी पदर तोंडाला लावला होता. तो काढून त्या म्हणाल्या, "बंद हाय."

"ठिपका?"

"करडा."

"आता मला असंच वाचून दाखवत जा," तो म्हणाला, आणि चाचपडत लॅपटॉपचं झाकण लावून तो माझ्या हातात दिला.