नाव पुरं होईपर्यंत

सिद्धराम स्वामी चाकूरच्या कोर्टात शिपाई आहेत. खटल्याची पाळी आली की दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. आणि लहानपणापासून ते बोलताना अडखळतात.

तरुणपणी त्यांनी अवघड शब्द चुकवण्यातच दिवस काढले. एसटीत ‘रेणापूर’ म्हणता येईना, तर पुढच्या गावाचं तिकीट काढून मधेच उतरायचे. मग वडील नोकरीत असतानाच वारले आणि त्यांची जागा सिद्धरामना मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं, माणसाच्या नावाऐवजी दुसरा शब्द वापरता येत नाही.

त्या दिवशी ‘विठाबाई’वर जीभ अडली. व्हरांड्यात हसणं सुरू झालं. तेवढ्यात एक म्हातारी पुढं येऊन उभी राहिली.

“माझंच नाव हाय. म्हण सावकाश. मी कुठं जाते?”

आपल्याला बोलावलंय हे कळूनही ती आत गेली नाही, पूर्ण नाव ऐकूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून सिद्धराम सकाळीच जमलेल्यांना सांगू लागले, “मी अ-अडखळतो. नाव पुरं होईपर्यंत थांबा.”

त्याला बावीस वर्षं झाली. भीती कधीच गेली, पण थकवा साचत गेला. माणसं रोज नवी. कुणी हसतं, कुणी जीभ सुटायला वेखंड उगाळून चाटायला सांगतं. दुपारपर्यंत जबडा दुखायला लागतो.

गेल्या उन्हाळ्यात बांधाच्या भांडणाचा एक खटला होता. सिद्धरामनी पुकारलं, “म... मन्म...”

राजशेखर नावाचे नवे वकील शेजारीच उभे होते. त्यांनी मोठ्यानं ओरडून टाकलं, “मन्मथ कोरे!”

लिंबाखाली चहा पीत बसलेला मन्मथ कोरे कप टाकून धावत आला. त्याची पाळी दुपारनंतर होती. बोलवायचं होतं मन्मथ बिराजदारला.

कोरेला परत पाठवून सिद्धराम वकिलांकडं वळले. “साहेब, मदत म्हणून क-केलं तुम्ही, कळतंय. पण नाव मला म्हणू द्या. वेळ लागंल.”

“मला वाटलं, तुम्हाला त्रास होतोय.”

“अडखळायची सवय झाली. हे रोज नव्या माणसाला सांगून लई दमतो, साहेब.”

राजशेखर ओशाळले. सिद्धरामनी पुन्हा पुकारा सुरू केला. ‘बिराजदार’च्या ‘ब’वर बराच वेळ गेला. या खेपेला वकील गप्प उभे राहिले.

संध्याकाळी सिद्धराम घरी येऊन भिंतीला टेकून बसले. बायको सिंधू लसूण सोलत होती. दमलात का, हे तिनं विचारलं नाही, चहा पुढं ठेवला. थोड्या वेळानं सिद्धराम आपणहून वकिलांची गोष्ट सांगायला लागले. ‘बिराजदार’वर पुन्हा अडले. सिंधू हातातली पाकळी तशीच धरून, त्यांच्याकडं बघत थांबली.