माझ्या माहेराहून आलेली मरीआई

माझी सासू लई तोंडाळ होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी मायेपोटी सांगते असं कुणाला वाटायला नको. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून तिनं मला एक घास सुखानं खाऊ दिला नाही. भाकरी जाड झाली की बोलायची, पातळ झाली की बोलायची, आणि चांगली झाली की म्हणायची, आज कुणाचा हात लागला गं हिला? आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मीही तोंडावर आत्याबाई म्हणायची. पाठीमागं काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निजामाचं राज्य होतं आणि गाठीच्या रोगाचे दिवस होते. ताप भरायचा, काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची आणि बघता बघता माणूस जायचं. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून रानात राहायला जायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडं ठाऊक होती ती मरीआई. ती कोपली की रोग येतो आणि तिला गावाबाहेर पोचवली की रोग जातो. म्हणून सुतार लाकडाचा लहानसा गाडा करून द्यायचा. त्यात देवीला हिरवं लुगडं नेसवून बसवायचं आणि पोतराजाला पुढं घालून, हलगी वाजवत, गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा. त्या गावानं तो ओढत आणखी पुढच्या गावाच्या शिवेत सोडायचा. असं एकमेकांच्या दारात मरण ढकलायची रीत होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं.

त्या साली मी पहिलटकरीण होते. सातव्या महिन्यात बापानं गाडी जुपून मला माहेरी नेलं. माझं माहेर धर्मापुरीच्या अंगाला, आमच्या सासरच्या शिवेला लागूनच. तिथं जाऊन जरा पाय लांबवते तोवर कणगीखाली उंदीर पडले. बापानं बैल जुपले आणि मला सासरी आणून सोडलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं सोडून पोरगी भरल्या पोटानं वापस आली, तीही रोगाच्या गावातून. मग काय विचारता, घरोघरी तीच कुजबुज. मी आडावर गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. आत्याबाईनं मला दारात उभं करून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत घेतलं. घेतलं, पण म्हणाली, एक बाळंतपण झेपलं न्हाई व्हय तुझ्या बापाला? मी कोपऱ्यात तोंड घालून रडले.

पुढं एका सकाळी ओढ्याकडून हलगी ऐकू आली. माझ्या माहेरच्या लोकांनी गाडा आमच्या शिवेत आणून सोडला होता आणि मागं न बघता ते निघून गेले होते. मागं बघायचं नसतं, तसाच नेम आहे.

सगळं गाव शिवेवर गोळा झालं. आमच्या गावात तोवर रोग नव्हता, म्हणून तो गाडा बघूनच लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. रीतीप्रमाणं तो पुढं, खालच्या गावाला ढकलायचा. पण गावात एक म्हातारा कारभारी होता, सारं गाव त्याच्या शब्दात, आणि त्याचं डोकं वेगळंच चाललं. तो म्हणाला, पुढं कशापायी न्यायचा? ही देवी सुनेच्या मागं मागं आलीय. सुनेला गाड्याबरोबर वापस धाडा, दोघी आल्या वाटेनं जातील. लोकांना ते पटलं. माझा नवरा तिथंच उभा होता. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. माहेरी रोज माणसं मरत होती. तिथं वापस जायचं म्हणजे मी आणि पोटातलं, दोघांनीही सरणावर जायचं.

तेवढ्यात गर्दीतून आत्याबाई पुढं आली. एका हातात सूप, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. सुपात खण, नारळ आणि ओटीचे गहू बघून मी समजले, की आता देवीची आणि माझी ओटी भरून दोघींना वाटेला लावते ही. तिनं आधी गाड्याच्या चाकांवर पाणी घातलं, पाव्हण्याच्या पायांवर घालतात तसं. पदराखालून भाकरीचा तुकडा काढला, देवीवरून ओवाळून लांब फेकला. कुंकू लावलं, ओटी भरली. मग लोकांकडं वळली.

"सुनेच्या माहेराहून आलेलं आमच्या घरानं कदी माघारी धाडलं न्हाई," ती म्हणाली. "ही जानार न्हाई आन् माझी सूनबी जानार न्हाई."

कारभाऱ्यानं विचारलं, मग खालच्या गावाला ढकलायची का?

"दारात आलेली पाव्हनी दुसऱ्याच्या दारात ढकलायची? कुनी शिकवलं बे तुला?"

'बे' हा गड्यागड्यांत बोलायचा शब्द. तो तिनं भर गावात कारभाऱ्याला घातला. कारभारी म्हणाला, "आन् गावात गाठ आली तर?"

"आली तर आदी माझ्या घरी येईल. मी बसवलीय तिला."

बाईमाणूस असं बोलतं, आणि तेही मरीआईच्या तोंडावर, हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. 'माझी सून' हे शब्दही तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. एरवी मी 'व्याह्याची पोरगी' होते.

ओढ्याकाठी लिंबाखाली गाडा उभा राहिला. आत्याबाई रोज सकाळी देवीला पाणी आणि भाकरी घेऊन जायची, बराच वेळ बोलत बसायची. एकदा मी लपून ऐकलं. बया देवीला माझ्याच कागाळ्या सांगत होती! हिला सारवता येत नाही, हिला लवकर उठायला नको, हिच्या बापानं लुगडीसुद्धा धड दिली नाहीत. सगळं सांगून झाल्यावर मात्र म्हणाली, हिला बाळंत होऊ दे, मग तुला काय न्यायचं ते ने.

आता माझी नातवंडं शाळा शिकलीत. ती म्हणतात, आजी, गाठीचा रोग उंदरांच्या पिसवांनी पसरतो, गाडा ठेवला काय आणि ढकलला काय, सारखंच. असेल बाबा. आत्याबाईला पिसवांचं काही ठाऊक नव्हतं. गाडा ठेवला तर मरण आपल्याकडं राहणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तिनं तो ठेवला. हे सांगताना आजही माझी छाती भरून येते. असल्या बाईची मी सून आहे.

उंदीर पडले, आणि आधी आमच्याच घरी पडले. सिरसाळ्याचा बाजार तोवर बंद झाला होता. सरकारी जमादार घोड्यावरून गाव खाली करायचा हुकूम घेऊन आला, पण त्याआधीच आम्ही सगळे रानात निघालो होतो. तुराट्या आणि कडब्याच्या खोपी घातल्या. तिथं आत्याबाईला ताप भरला आणि काखेत गाठ आली. तिनं आपली खोप वावराच्या पार टोकाला घालून घेतली आणि काठीनं जमिनीवर रेघ ओढून मला सांगितलं, हिच्या अलीकडं पाय टाकलास तर तंगडं तोडीन. मी रेघेवर पेजेचं गाडगं ठेवायची. नवरा ते आत न्यायचा, आणि आतून तिचं सुरू व्हायचं, मीठ न्हाई, पानीच पानी हाय. तिचा आवाज आला की मला बरं वाटायचं. मग एका सकाळी गाडगं आत गेलं आणि आतून काही आलं नाही. थोड्या वेळानं नवरा रडत बाहेर आला.

बातमी कळताच कारभारी आला. लांबच उभा राहिला. म्हणाला, मरीआईनं म्हातारीला तिच्या बोलण्याचं फळ दाखवलं, आता तरी शहाणे व्हा, आज गाडा फिरवा आणि सुनेला त्याच्याबरोबर वापस धाडा. मागं दहा-पाच माणसं होती, तीही माना डोलवत होती. त्या दिवसांत गाठीच्या मढ्याला कुणी खांदा देत नव्हतं, गाडीत घालून न्यायचे. माझा नवरा गोठ्याकडं गेला आणि बैल जुपायला लागला. ते आईसाठी जुपतोय की माझ्यासाठी, मला कळेना. विचारायची हिंमत झाली नाही. मी पोटावर हात धरून खोपीच्या दारात उभी राहिले.

तेव्हा बांधावरून चार माणसं आली. खालच्या गावची होती. आमच्या गुराख्यांकडून त्यांना म्हातारी गेल्याचं कळलं होतं. त्यांच्या खांद्यावर तिरडीचे बांबू होते. त्यांतला वयानं मोठा सरळ माझ्या नवऱ्याजवळ गेला, बाकीचे जिथं थांबले होते त्याच्या कितीतरी पुढं.

"म्हातारीनं गाडा आमच्याकडं येऊ दिला न्हाई," तो म्हणाला. "तिला गाडीत घालून न्हेऊ नका. आमी खांदा देतो."

चौघांनी तिथंच तिरडी बांधली. चौघंही आत्याबाईच्या खोपीत गेले, ती रेघ ओलांडून, आणि तिला बाहेर घेऊन आले. मी मोठ्यानं रडले, लोकांदेखत, लाज न धरता, आणि रडता रडता माझी मान ताठ झालेली मला कळत होती. आमच्या गावची माणसं एकमेकांकडं बघेनात. कारभाऱ्यानं डोक्याचं पागोटं काढलं, काखेत धरलं आणि पुढं येऊन मागच्या एका माणसाचा खांदा घेतला.

नवरा गाडीपाशी गेला. त्यानं बैलांच्या मानेवरचं जू काढलं आणि बैल खुंट्याला बांधले. मग माझ्यापाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू हितंच थांब. हे तुझं घर हाय." आणि विस्तवाचं मडकं उचलून तो आईच्या पुढं चालायला लागला.