टायगरचा उपवास

आमच्या घरमालकीण मावशींच्या दारात देवदूत जरी निरोप घेऊन आला, तरी त्याला आधी जेवायला बसावं लागेल आणि निरोप त्याच्या तोंडातच राहील. वसईच्या त्यांच्या वाडीत मी वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या दिवशी मावशींनी टेंपोवाल्याला इतकं जेवू घातलं की माझं कपाट अंगणातच राहिलं आणि तो ओटीवर घोरत पडला. मीटर बघायला येणारा माणूस आमच्याकडे बरोबर जेवणाच्या वेळेला येतो. मावशी नाताळात पिठाचे गोल फुगे तळायला बसल्या की कढईशेजारी टायगर बसायचा. टायगर हे त्यांच्या यजमानांनी शेवटच्या आजारपणात आणलेलं कुत्रं. "जाताना माझ्या सोबतीला ठेवून गेला," असं त्या म्हणतात. त्या घरात प्रार्थनेशिवाय कुणी घास घेत नाही, म्हणून टायगरही घेत नाही. 'आमेन' ऐकेपर्यंत तो तोंड उघडत नाही आणि ऐकल्यावर मिटत नाही.

गेल्या नाताळात डुकराच्या मटणाची चरबी त्याला भोवली. उलट्या झाल्या, पोट धरून तो कोपऱ्यात पडला. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, पुन्हा तेलकट-तुपकट पोटात गेलं तर वाचणं कठीण. सलाईन लावून घरी सोडताना त्यांनी बजावलं, "आता उपवासासारखं हलकंच द्या."

डॉक्टर साताऱ्याकडचे. मावशींचा उपवास म्हणजे मटण बंद, मासे चालू. त्यांनी भक्तिभावाने बोंबील तळले. मी इकडे साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट आणि वर साजूक तूप घालून. माझी वाटी खाली पोचली तेव्हा टायगर पुन्हा दवाखान्यात होता.

"उपवास तुम्हीच बोललात ना, डॉक्टर!" मावशी रडत रडत भांडत होत्या.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, तेल नाही, तूप नाही, लोणी नाही, कातडी नाही."

"मग खायचं उरलं काय?" मावशींनी अगदी मनापासून विचारलं.

उरली काकडी. उरला उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाची फरसबी, आणि सणावाराला कातडी काढून उकडलेल्या कोंबडीचा पेराएवढा तुकडा. प्रत्येक गोष्ट मावशी आधी स्वतः खातात आणि "काय मस्त लागतंय" असा चेहरा करतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीत बिस्किटं आहेत का ते फाटकावरच बघतात. एकदा फादर केक घेऊन आले, तर त्यांनाही अडवलं. "पाप तुम्ही माफ कराल, फादर, याचं पोट नाय करणार."

या नाताळात त्यांनी फुगे तळलेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच.

"वास आला की तो माझ्याकडं बघतो," त्या मला म्हणाल्या. "नाय दिलं तर त्याला वाटणार मी रागावले. माझ्या दारातून कोण उपाशी गेला नाय, आणि याला मी कसं समजावू?"

शेवटी त्यांनीच त्यांच्यापुरता मार्ग काढला. तुकडा लहान झाला, तशी त्यांनी प्रार्थना मोठी केली. संध्याकाळी भोपळ्याची फोड हातात धरून त्या यजमानांसाठी मागतात, डॉक्टरांसाठी मागतात, भोपळ्याच्या वेलासाठी, माझ्या नोकरीतल्या अडलेल्या बदलीसाठीसुद्धा मागतात. टायगर आता म्हातारा झालाय. तो मान वर करून सगळं ऐकतो, मावशींच्या तोंडावरची नजर हलवत नाही. फोड संपायला क्षणही लागत नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणूनच असेल, पण आताशा मावशींच्या तोंडून 'आमेन' लवकर निघत नाही.