भालेरावांचा टेपरेकॉर्डर

फोनवर भालेरावांचा मुलगा रोहित होता. "आंटी, बाबा नहीं रहे," एवढंच म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कौन बोल रहा है?" आवाज ओळखीचा होता, तरीही. लखनौच्या इस्पितळात छातीच्या रोगांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर कोणी काही सांगितलं की आधी शंका घ्यायची आणि मग ऐकायचं, ही सवयच जडली आहे. शशिकांत भालेरावांना माझी हीच सवय हवी होती. निदान मी तरी तशी समजूत करून घेतली होती... आता त्यांना जाऊन महिना उलटला.

ओळख झाली ती इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. प्रसादाच्या रांगेत पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, "तुम्ही क्षय ओळखता कसा?" ना नाव, ना गाव. ते संगणकाचे संशोधक, मूळचे अकोल्याचे, शहराच्या दुसऱ्या टोकाला जानकीपुरमला नवीन घर घेतलेले. जाणत्या डॉक्टरच्या डोक्यातलं ज्ञान काढून 'जर असं, तर तसं' अशा नियमांत बसवायचं, म्हणजे खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर नसला तरी संगणक निदान करील, असा त्यांचा प्रकल्प होता. एक्सपर्ट सिस्टिम म्हणायचे त्याला. पुढच्या रविवारी सकाळी ते टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या दारात हजर. हा माणूस काही पोह्यांसाठी आलेला नाही, हे मी ह्यांना स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. हे रेल्वेत इंजिनीअर, स्वभावानं भोळे. "अगं, येऊ दे की यार, मराठी माणूस आहे," म्हणाले. मराठी माणूस इतक्या दुरून उगाच येत नाही, म्हणून तर मला जास्त शंका.

विजेचा भरवसा नसल्यानं टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. तो टेबलाच्या मधोमध आडवा ठेवायचा, लाल बटण खट्ट करून दाबायचं आणि विचारायला सुरुवात करायची. मी काही म्हटलं की, "कशावरून?" आणि त्याचं उत्तर दिलं की, "खात्री किती? दहापैकी?" एकदा वैतागून मी म्हटलं, "भालेराव, आज पोह्यांत मीठ जास्त झालंय." ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दहापैकी?" इस्पितळात आमचे वरिष्ठ चिडवायचे, "मैडम, सब बता दीजिए उसको, फिर आपकी छुट्टी." मी हसून सोडून द्यायचे, पण ते मनात रुतून बसलं. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण काही उगाच पडलेली नाही, आणि इथं तर वैद्य मीच होते.

मग इस्पितळात त्या प्रणालीची चाचणी झाली. चिनहटच्या कारखान्यातला एक कामगार होता, खोकला हटत नव्हता. औषधं नियमित घेतो का, असं पडद्यावर आलं. "जी, रोज़," तो म्हणाला. भालेरावांनी 'हो' टाइप केलं, आणि संगणकानं निकाल दिला की औषधं लागू पडत नाहीत, जास्त कडक द्या. मी म्हटलं, "हा गोळ्या घेतच नाही." "कशावरून?" "त्यातल्या लाल गोळीनं लघवी केशरी होते. विचारा रंग." त्यांनी विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वही... पानी जैसा." ही गोष्ट माझ्या इतकी अंगवळणी पडलेली की त्यांना सांगायची राहूनच गेली होती. माणूस गेल्यावर भालेरावांनी टाइप केलेलं 'हो' खोडलं. मग म्हणाले, "जे टाइप होईल ते खरं मानायचं, एवढंच मी संगणकाला शिकवलं. माणूस खोटं बोलतो, हे सांगितलंच नाही." माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही अजून कोणावर संशय घेता?"

"तुमच्यावर."

"कशावरून?"

"काम संपलं की तुम्ही आमच्या घराची पायरी चढणार नाही."

"खात्री किती?"

"दहापैकी दहा," मी म्हटलं.

पुढं अनुदान थांबलं, प्रकल्प गुंडाळला गेला आणि संगणकावर कापडी खोळ चढली. त्या रविवारी मी मुद्दाम पोहे भिजवले नाहीत. नेहमीच्या वेळी बेल वाजली. दारात भालेराव, बगलेत टेपरेकॉर्डर. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी मनात म्हटलं, म्हणजे दुसरा प्रकल्प मिळालेला दिसतो. प्रश्नही बदलत गेले. दशहरी आंबा आतून नासलाय हे न कापता कसं ओळखता? सुनेला राग आलाय हे सासूला कशावरून कळतं? आणि एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. टेपरेकॉर्डर ते आता आडवा ठेवत नसत. उभा ठेवायचे, कॅसेट फिरताना दिसते ती काच स्वतःकडे आणि पाठ माझ्याकडे. हा माणूस काहीतरी लपवतोय, मी ह्यांना म्हटलं, माझं ज्ञान कुणाला तरी नेऊन देत असणार. "आंब्याचं ज्ञान कोण घेणार?" हे म्हणाले. पण माझी शंका काही गेली नाही, आणि वर्षानुवर्षं रविवार मात्र चुकला नाही.

गेल्या आठवड्यात सुधावहिनी आल्या, भालेरावांच्या पत्नी. पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून म्हणाल्या, "हा इथलाच झाला होता, इथंच राहू दे." त्यात काय भरलंय ते एकदाचं कळेल म्हणून मी बटण दाबलं. खट्ट झालं आणि पुढं काहीच नाही. मागचं झाकण उघडलं तर आत सेलच नव्हते.

"सेल कधी काढले, वहिनी?"

"सेल? ते तर प्रोजेक्ट बंद झाला तेव्हाच रोहितच्या खेळण्यातल्या गाडीत गेले. मी म्हटलं नवे आणा, तर नको म्हणाले."

वहिनी माझं मन राखायला बोलत असतील, अशीही शंका आली. पण स्प्रिंगांवर जुना गंज होता, तो काही महिन्याभरात चढत नाही. "मग हे ओझं दर रविवारी कशाला आणायचे?" मी विचारलं.

"मीही विचारलं होतं. म्हणाले, डॉक्टरांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?"

वहिनींसमोरच मला रडू कोसळलं. जन्मभर रोग्यांचं खोटं पकडलं, आणि समोर बसून इतकी वर्षं चाललेलं हे खोटं मला पकडता आलं नाही... परवा ह्यांनी बाजारातून नवे सेल आणले. मी घालू दिले नाहीत. रविवारी पोहे झाले की टेपरेकॉर्डर टेबलावर उभा ठेवते, काच भालेरावांच्या खुर्चीकडे करून.